साडूभाऊंनी बंदर घेतलं

...नाही, पण मी म्हणतो, 'खेळच तर आहे' असं म्हणायला लोकांच्या जिभेला काही हाड? अहो, बंदर गेलं त्या माणसाचं! सहा महिने खपून उभं केलेलं बंदर, धक्का काय, गोदामं काय, दीपगृह काय, चौदा जहाजं नांगर टाकून उभी... आणि एका रविवारी सकाळी चहाचा कप भरून आणायला म्हणून माणूस उठतो, परत येऊन खुर्चीत टेकतो, तर बंदरावर दुसऱ्याचा झेंडा! आणि हा दुसरा कोण? परका असता तर एक वेळ गिळलं असतं, पण तुम्हाला सांगतो, सख्खा साडू! बायकोच्या बहिणीचा नवरा! आणि बायको आतून काय म्हणते? "अहो, खेळच तर आहे!"

आता हा माणूस कोण, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल कुणी राजाबिजा आहे. राजा कसला! बस डेपोत ड्युटी लावतात. एकशे बारा ड्रायव्हर, त्र्याऐंशी गाड्या, कोण कुठल्या गाडीवर, कोण सकाळी, कोण दुपारी, तो सगळा तक्ता रोज यांनी करायचा, म्हणून अख्खा डेपो त्यांना तक्तेसाहेब म्हणतो. साहेब नावालाच हो! तक्ता भिंतीवर लागला की रांग सुरू. "साहेब, माझी पाठ धरलीय, लांबची गाडी नको." "साहेब, याच्याबरोबर मला लावू नका, हा वाटभर गातो." एकशे बारा माणसं आणि एकही सांगितलेल्या जागी आनंदाने जाणार नाही! मग अशा माणसाला एक दिवस असा खेळ सापडतो, ज्यात नकाशावर बोट ठेवून 'जा' म्हटलं की दहा हजार सैनिक मुकाट्याने चालू लागतात... काय वाटलं असेल त्यांना? डोळ्यांत पाणी आलं म्हणे पहिल्यांदा.

पण तो खेळ म्हणजे पत्ते कुटणं नव्हे, तुम्हाला सांगतो! कॉम्प्युटरवर एवढा मोठा जगाचा नकाशा, त्यात तीन हजार प्रांत, प्रत्येक प्रांतात धान्य वेगळं, भाषा वेगळी, नाराजी वेगळी. एक छोटंसं राज्य घ्यायचं आणि चारशे वर्षं सांभाळायचं. शिकायलाच अकरा तासांचा व्हिडिओ! एका शब्दावर माउसचा बाण नेला की माहितीची चौकट उघडते, त्या चौकटीतला शब्द कळत नाही म्हणून त्यावर बाण न्या, दुसरी चौकट, तिच्यातून तिसरी, आणि आपण मुळात काय शोधत होतो ते विसरलेलो! पहिल्या महिन्यात तक्तेसाहेबांचं राज्य नऊ वेळा बुडालं. एकदा दुष्काळात, एकदा बंडात, आणि एकदा तर कसल्या तरी बटणावर चुकून बोट पडलं आणि त्यांनी स्वतःच्याच राजधानीला वेढा घातला. तरी सोडलं नाही! कारण दहाव्या वेळी पहिलं जहाज धक्क्याला लागलं आणि हा पन्नाशीचा माणूस खुर्चीतून उठून एकटाच टाळ्या वाजवत सुटला.

आणि चष्म्याचं दुकान चालवणारे ते साडूभाऊ, त्यांच्याशी नऊ वर्षांची ओळख. ओळख म्हणजे काय, सासूबाईंच्या घरी दोघं जावई एका सोफ्याच्या दोन टोकांना. "काय मग?" "चाललंय." "बरं." झालं संभाषण! नऊ वर्षं! आणि एक दिवस साडूभाऊ सहज म्हणाले, "मी सध्या एक खेळ खेळतोय, त्यात नकाशा असतो..." आणि तक्तेसाहेब सोफ्यावर एकदम सरकून बसले. त्या दिवशी हे दोघं जेवायला उठेनात म्हणून ताटं झाकून ठेवावी लागली. मग ठरलं. दर रविवारी सकाळी आपापल्या घरून, एकाच नकाशावर, शेजारी शेजारी राज्यं, फोन स्पीकरवर, आणि कायमचा मैत्रीचा तह. सहा महिने काय दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं! "साडूभाऊ, तुमच्याकडे लाकूड आहे का?" "पाठवतो की!" "साडूभाऊ, माझ्या राणीला ताप आलाय हो." "अरेरे, काळजी घ्या." अशी माया, तुम्हाला सांगतो, सख्ख्या भावांत नसते!

आणि त्या रविवारी तक्तेसाहेबांचं सगळं सैन्य उत्तरेला बंड मोडायला गेलेलं. फोनवर हे बोलूनही बसले, "इकडे बंदरावर चिटपाखरू नाही बघा." साडूभाऊ म्हणाले, "हो का?" फक्त 'हो का'! हे चहा आणायला गेले, आले, आणि बघतात तर... हाताला चटका बसला तेव्हा कळलं, कप कलंडलाय. फोनवर म्हणतात, "साडूभाऊ, चुकून बटण दाबलं गेलं वाटतं?" तर तिकडून अगदी शांत, चष्म्याच्या काचा पुसताना बोलावं तसं, "नाही हो. बंदर हवं होतं. खेळच तर आहे!"

झालं! त्या दिवसापासून माणसाचं कशात लक्ष लागेना. बसलेला उठतो, उठलेला फेऱ्या मारतो, खिडकीपाशी जातो, परत येतो. जेवताना ताटात आमटीची वाटी सरकवून म्हणतो, "इथून घुसला तो, इथून!" आणि मुद्दा असा, की यांच्या चष्म्याचा नंबर वाढलेला, नवा चष्मा तयार होऊन पडलेला, कुठे? साडूच्याच दुकानात! "जाऊन घेऊन या ना," बायको म्हणाली. "मरेन," म्हणाले, "पण त्या दाराची पायरी चढणार नाही." आणि जुन्या चष्म्याने बसले तक्ता करायला. कॉम्प्युटरवर त्यांना तिनाचा आठ दिसायचा आणि आठाचा तीन! दुसऱ्या दिवशी डेपोत एका गाडीपाशी तीन ड्रायव्हर उभे, तिघं एकमेकांना "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करतायत, आणि शेजारच्या गाडीत पंचेचाळीस प्रवासी बसलेले, ड्रायव्हर कुणीच नाही! डेपो मॅनेजरने बोलावून घेतलं. "तुम्हाला घरी काही त्रास आहे का?" आता काय सांगणार हो? माझं बंदर गेलं, म्हणून सांगणार? "आणखी एकदा असं झालं तर तक्ता दुसऱ्याकडे देईन," मॅनेजर म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा!

तेव्हा बायको घाबरली आणि तिने केला धाकटीला फोन. हसत हसत हो! "अगं, तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याचं बंदर घेतलंय म्हणे, सांग ना त्यांना जरा." धाकटीही हसली. "अगं ताई, खेळच तर आहे! पण भाऊजींना ना, हरणं कधी जमलंच नाही." "म्हणजे?" "म्हणजे काही नाही." "नाही, बोल ना! निदान ते पाठीत सुरा तरी नाही खुपसत." "माझा नवरा पाठीत सुरा खुपसतो?" "मी तसं म्हटलं नाही." "म्हटलंस!" आणि तिथून गाडी घसरली ती थेट आईच्या शिलाई मशीनवर, जे थोरलीने नेलं, आणि धाकटीला विचारलंही नाही... एकवीस वर्षांपूर्वी! दोघींनी एकाच वेळी फोन ठेवला आणि मग उचललाच नाही. आठ दिवस! ज्या बहिणी रोज संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बोलायच्या, त्या! आता बघा, आता खेळ कुठे राहिला?

आणि त्यातच गुरुवारी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. दवाखान्यात एक लांब बाक. एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, मधे दोघं साडू, तेही पाठीला पाठ लावल्यासारखे. तक्तेसाहेब भिंतीवरचं घड्याळ बघतायत, आठ वाजलेत की तीन ते दिसत नाहीये, पण विचारणार कुणाला? ऑपरेशन आटोपलं, नर्स आली. "पेशंटबरोबर कोण?" चौघंही उभे! "एकच जण." "मी थोरली." "मी रोज औषध घालते!" "दवाखान्यात तरी हळू बोल." "तू शिकवू नकोस!" ...आणि दार उघडून सासूबाईच बाहेर. एका डोळ्यावर ही एवढी पट्टी. निवृत्त मुख्याध्यापिका बरं का! उरलेल्या एका डोळ्याने चौघांकडे असं बघितलं, की चौघं एका ओळीत सरळ उभे राहिले.

"काय झालंय?"

शेवटी तक्तेसाहेबच, मान खाली घालून, "आई... यांनी माझं बंदर घेतलं."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, तुम्हाला सांगतो, आणि 'खेळच तर आहे' असं म्हणाल्या नाहीत! एवढ्या मोठ्या जगात ही एकटी बाई तसं म्हणाली नाही! धाकट्या जावयाला म्हणाल्या, "परत द्या."

"आई, तसं देता येत नाही. खेळात नियमच नाही तसा. युद्ध झालं तरच बंदर सुटतं."

"मग युद्ध करा आणि हरा."

"मुद्दाम हरू?"

"माझ्या मुलीपुढे रोज हरता, ते काय खरं असतं?"

साडूभाऊंनी मान डोलावली. रविवार ठरला.

पण एवढ्यावर सुटेल तर तो खेळ कसला! अहो, त्या खेळात जिंकणं सोपं, हरणं महाकठीण! तक्तेसाहेबांनी युद्ध पुकारलं, साडूभाऊंनी ठरल्याप्रमाणे सैन्य मागे घेतलं, आणि तेवढ्यात पूर्वेकडचा तो अवाढव्य बादशहा, जो कॉम्प्युटर स्वतःच चालवतो, तो साडूंच्या मदतीला धावून आला! कधी काळी त्याच्याशी तह केलेला, हे साडू विसरूनच गेले होते! नव्वद हजार सैन्य! "साडूभाऊ, थांबवा त्याला!" "माझं ऐकत नाहीये हो तो!" "मग तह मोडा!" "मोडला!" आणि तह मोडला म्हणून बादशहा चिडला, वळला, आणि साडूंच्याच राज्यात घुसला. आता काय करता! तक्तेसाहेबांनी आपलं सगळं सैन्य काढलं, "आलो मी, किल्ला धरून ठेवा!" दोघं ओरडतायत, दोन्ही घरांत ताटं गार होतायत. दुपारी थोरलीला राहवेना. फोन लावला. "तुझा जेवला का गं?"

"नाही. तुझा?"

"कुठला! मगाशी म्हणाला, साडूंसाठी जीव देईन."

धाकटी हसली, मग हीही हसली, आणि मग कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते दोघींनाही कळलं नाही. तिकडे संध्याकाळी दोन्ही राज्यं खलास! बंदर, किल्ला, राणी, काही उरलं नाही. पडद्यावर नुसतं, 'आपले राज्य इतिहासजमा झाले आहे.' फोनवर साडूभाऊ म्हणाले, "चष्मा घेऊन जा उद्या. आणि... सॉरी हो." "असू द्या," तक्तेसाहेब म्हणाले, "पण शेवटी लढलात मात्र झकास."

चष्मा आला, तक्ता रुळावर आला. पुढच्या रविवारी नवा डाव. पण या वेळी दोघी बहिणींची अट, की शेजारी शेजारी राज्यं नकोत. म्हणून एकाचं राज्य नकाशाच्या या टोकाला आणि दुसऱ्याचं त्या टोकाला. हद्द लागायलाच नको! दोन रविवार अगदी शांततेत गेले. तिसऱ्या रविवारी तक्तेसाहेब फोनवर म्हणाले, "साडूभाऊ, करमत नाही हो." तिकडून आवाज आला, "मलाही."

आता तक्तेसाहेबांनी जहाजं बांधून समुद्रात सोडली आहेत. अख्ख्या जगाला वळसा घालून साडूंकडे पोचायला, त्या खेळातली चाळीस वर्षं लागतात. सध्या अकरावं चालू आहे. परवा बायकोने मागे उभं राहून विचारलं, "अहो, एवढ्या लांब निघालात खरं, पण मैत्रीला की लढाईला?"

मान न वळवता म्हणाले, "ते पोचल्यावर बघू."