चौथा खांदा

ऐका रं. शेकोटीजवळ सरका. आन् त्ये मोबाईल आदी खिशात घाला, मग सांगतो.

आपल्या गावचा सर्जेराव, दूध डेअरीचा सेक्रेटरी. चैत्रात त्येची बायकू हौसा गेली. तवापास्नं मानूस खुळ्यावानी झाला. जेवान न्हाई, झोप न्हाई. वर दिवसभर फोन कानाला! तालुक्याचा डाक्टर म्हनला, "सर्जेराव, रोज लांब चालत जावा. एकटं. फोन घरी ठिवून. मन हलकं हुईल." डाक्टरचं काय चुकलं? काय बी न्हाई. पर त्येला काय ठावं आपला माळ!

संध्याकाळचं दूध गोळा करून झालं की सर्जेराव फोन देवळीत ठिवायचा, खांद्यावर टावेल टाकायचा आन् निगायचा. आठ दिवस बरं गेलं. झोप लागाया लागली गड्याला. नवव्या दिशी दुधाचा टँकर उशिरा आला. निगाला तवा मिट्ट काळोख! सून म्हनली, "मामा, आज नगा जाऊ." ऐकतोय कोन?

माळाच्या वाटंवर करंजाखाली विसाव्याचा धोंडा हाय. मसनवाटंला जाताना तिरडी तितं घटकाभर टेकवायची, खांदंकरी बदलायचं, फुडं निगायचं. जित्या मानसानं त्येच्यावर बसायचं न्हाई. शेंबड्या पोराला बी ठावं हाय! पर सर्जेरावाचं मन कुटं जाग्यावर? हौसाची तिरडी बी तितंच टेकली व्हती. बसला. बसला की रं धोंड्यावर!

उठून चालाया लागला, तर मागं पावलं वाजली. चर्र... चर्र...

"पाव्हनं, लई वझं दिसतंय. जरा खांदा देऊ का?"

ऐकलंत? मागत न्हवता, देतो म्हनत व्हता!

दिसत कुनीच न्हवतं. पर आवाज आसा मायेचा, की सर्जेराव बोलाया लागला. डेअरीतल्या भांडनाचं बोलला. आन् काय सांगू! बोलून झालं आन् त्ये भांडान डोक्यातनं पुसूनच गेलं. अंग हलकं झालं. मागं पावलं दोगांची झाली.

"आनि काय हाय?"

मग आईचं सांगितलं. आई सरली तवा ह्यो पुन्याला व्हता, तोंड बघाया मिळालं न्हाई. तीस वर्सं काळजात ठिवल्यालं. त्ये बी पुसलं. पावलं तिगांची झाली. आन् सर्जेरावाची? त्येनं कान दिला. त्येच्या पायाचा आवाजच न्हवता! पाय भुईला लागत न्हवतं. पाठीखाली बांबू रुतत व्हता. वर नुसत्या चांदन्या. तिरडीचा एक कोपरा तेवढा लोंबत व्हता.

"आता एकच ऱ्हायलं," तिगं म्हनलं. "जिच्यापायी रडतूस ती बाई कोन? नाव सांग. चवथा खांदंकरी उभाच हाय."

खरं सांगू का? त्येला सांगायचंच व्हतं! लई बरं वाटत व्हतं त्येला. त्वांड उगाडलं... पडताना मानूस कायतरी धरतंय, तसा हात टावेलाला गेला. बोटाला गाठ लागली.

हौसानं मारल्याली गाठ. बाजारातनं काय आनायचं आसलं की ती ह्येच्या टावेलाच्या टोकाला गाठ मारायची, विसरू नये म्हनून. शेवटची गाठ खोबरेल तेलाची. तरी ह्यो विसरला. दुसऱ्या दिशी ती गेली, तशीच, कोरड्या केसांनी. ती गाठ त्येनं सोडलीच न्हवती.

"न्हाई सांगत!" सर्जेराव वरडला. "त्ये माझं हाय! माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या!"

धाडकन! सगळा भार अंगात परत आला आन् सर्जेराव भुईवर आदळला. डोळं उगाडलं तर मसनवाटा चार हात फुडं! कसा पळाला, त्येचं त्येलाच ठावं. दारात येऊन हौसाच्या नावानं हंबरडा फोडला.

वाचला. पर फुकट न्हाई.

सकाळी सून मोबाईल घिऊन आली. सर्जेरावाच्या आईचा जुना फोटू त्यात काढून ठिवल्याला. "मामा, तुमच्या आईच्या पाया पडा, बरं वाटंल." सर्जेराव लई येळ बगत बसला. मग म्हनला, "चांगली म्हातारी दिसती. कोन गं ही?"

चाला पोरांनो, खुशाल एकटं चाला. पर करंजाच्या वाटंनं कदी जाऊ नगा. वझं उतरवायचं तर घरच्या मानसापाशी बोला. त्ये ऐकून घेतंय, घिऊन जात न्हाई. सर्जेराव अजून रोज सकाळी त्यो फोटू मागतो, आन् रोज त्येच ईचारतो.