बिंद्राबिनच्या वाटेवर भाऊ

माझं माहेर धुळ्याकडचं, सिल्वासात आले ती लग्न होऊन. मालक धाग्याच्या कंपनीत होते, आमलीत खोली होती, सगळं बरं चाललं होतं अन् काविळीनं मालक गेले. मग त्याच कंपनीत मी पॅकिंगला लागले. काय सांगू तुम्हाला, भाऊ दर सणाला येई अन् म्हणे, घरी चाल, एकटी बाई परमुलखात काय करशील. मी नुसती हां हां करे.

एका वर्षी तो मला न्यायचंच ठरवून आला, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, दादा, उद्या आम्ही बाया बिंद्राबिनच्या महादेवाला पायी जातो, तू पण चाल, मग काय ते बोलू.

पहाटे निघालो. सामरवरणी मागे पडली, नदीवरचा पूल ओलांडला, मग सोमी पुढे झाली. सोमी म्हणजे माझ्यासोबत पॅकिंगला असलेली वारली बाई, तिला जंगलातली पायवाट ठाऊक. तेव्हा झाडी लई होती हो. वाटेत सागाखाली वाघदेव आहे, दगडावर वाघ कोरेल, वर चांद-सूर्य, किती जुना ते सोमीच्या आजीलाही माहीत नव्हतं. सोमीनं तांदूळ वाहिले. भाऊ जरा थबकला, मग चपला काढून त्यानंही हात जोडले.

पुढे सोमीचं घर. भावाच्या टाचेला फोड आयेल, म्हणून तिथं टेकलो. सोमीच्या आईनं त्याला पाय शेकायला गरम पाणी दिलं, उपासाचे कंद उकडून दिले अन् विचारलं, हिला न्यायला आलास? तो म्हणाला, हो मावशी, आजारी पडली तर इथं कोण बघेल? म्हातारी म्हणाली, पावसाळ्यात तापानं पडली तेव्हा आमच्याकडंच होती, आम्हीच बघितली.

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, मला कळवलं का नाही? मी म्हटलं, कळवलं असतं तर तू घेऊन गेला असता, अन् मला जायचं नव्हतं. इतकं सरळ मी त्याच्याशी कधी बोलेल नव्हते.

मग देऊळ आलं. नदीत पाय धुतले, पिंडीवर पाणी घातलं, पायऱ्यांवर बसलो तेव्हा म्हणाला, आईला काय सांगू? मग आपणच म्हणाला, तिलाच घेऊन येतो, तिनं बघावं. आणलं हो तिला, त्याच उन्हाळ्यात. आई अन् सोमीची आई, एकीचं बोलणं दुसरीला अर्धंच कळे, पण दिवसभर बोलत बसल्या.

आता दोघीही नाहीत. माझे गुडघे दुखतात, तरी शिवरात्रीला पायीच जाते. कंपनीत बिहारकडची एक नवी पोरगी आली आहे, कोणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून जेवते. काल तिला म्हटलं, बेटा, परवा चाल आमच्यासोबत. येते म्हणाली. महादेव तिचं भलं करो.