मी राजीनामा दिलेला नाही

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या जिमचे मालक. व्यासपीठावर, म्हणजे रोज ज्या फळ्यांवर आपण चढउतार करतो त्या जोडून केलेल्या स्टेजवर दाटीवाटीने बसलेले पाहुणे. सगळे ट्रेनर, आणि माझ्यासमोर घाम गाळलेल्या ताया, काकू, काका, सगळ्यांना नमस्कार.

आधीच सांगते, रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. लेक आठ महिन्यांची आहे, पण तिचा दोष नाही, ती मस्त झोपली होती. मी जागी होते, कारण आज माझा निरोप समारंभ आहे आणि मी नोकरी सोडलेलीच नाही.

हसा. मलाही आधी हसूच आलं. बाळंतपणाची रजा संपली म्हणून मंगळवारी विचारायला आले, सोमवारपासून येऊ ना? रिसेप्शनच्या ताई म्हणाल्या, "अगं, शनिवारी तुझा निरोप आहे. तू काम सोडलंस म्हणून तुझा भाऊ येऊन सांगून गेला की." मालकांना विचारलं, तर म्हणाले, "मोठा भाऊ सांगतोय म्हटल्यावर मी काय विचारणार? केकसुद्धा सांगून झालाय."

म्हटलं, होऊ द्या समारंभ. दोन शब्द मात्र मी बोलणार. मालक म्हणाले, "बोल, पण ह्या कामातले फायदे-तोटे सांग, नवीन पोरांना उपयोग होईल."

तोटे आधी सांगते, ते तोंडपाठ आहेत. तुम्ही आजारी पडलात की माझा दिवस बुडतो. मी आजारी पडले तरी माझाच बुडतो. वीस वर्षं बसून वाढवलेलं पोट तुम्हाला दीड महिन्यात उतरवून पाहिजे. नाही उतरलं तर ट्रेनर वाईट. उतरलं तर म्हणता, मी गोड सोडलं ना, म्हणून. आणि आता माझंच पोट सुटलंय. मंगळवारी आरशासमोर उभी होते, तर एक नवीन काका विचारतात, "तुम्हीपण आजच नाव घातलंत का?" काका, तिथे मागे बसलात तरी दिसताय मला.

फायदा एकच सांगते. पहिल्या रांगेत आजी बसल्यात. त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि शेजारीण येईपर्यंत दोन तास तशाच पडून होत्या. इथे आल्या तेव्हा म्हणाल्या, "मला बारीक नाही व्हायचं गं. मला जमिनीवरून उठता आलं पाहिजे." सात महिने लागले. एक दिवस कशाला हात न लावता उठल्या आणि मलाच म्हणाल्या, "रडतेस काय, पाणी दे." बसा आजी, आत्ता करून दाखवू नका. असं दुसऱ्या कुठल्या कामात बघायला मिळतं, सांगा मला.

माझा भाऊ वाईट नाही. वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. मला सातवा महिना होता, तो मला इथे न्यायला आला होता. एका दादांच्या हातून डंबेल निसटलं आणि माझ्या पायापासून वीतभर लांब पडलं. तेव्हाचा त्याचा चेहरा मी बघितलाय. मंगळवारी मी फोन केला, तेव्हा म्हणाला, "कामावर गेलीस तर आई तुझ्याकडे यायची नाही. मग पोरीला कोण बघतं ते बघू." आई त्याच्याकडे असते. बाळाला तीच सांभाळणार होती. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. नवरा ट्रकवर, आठवड्यात दोन दिवस घरी. तो म्हणतो, "तू जा कामाला, मी आहे. पण तुझ्या भावाशी तूच बोल." वाघ आहे अगदी.

भीती वाटते का? वाटते. पण तुमच्या छातीवर वजनाचा बार असतो, तेव्हा मी डोक्यामागे उभी असते. हात बारच्या खाली, पण लावायचा नाही. तेव्हाही रोज घाबरते. ज्या ट्रेनरला भीती वाटत नाही, त्याच्या भरवशावर वजन उचलू नका. पण घाबरून मी आधीच बार धरला तर तुमच्यात ताकद यायची कुठून? "राहू दे, तू घरी जा," असं मी कधी कोणाला म्हटलंय?

मालक, सोमवारी सहाला आजींची वेळ आहे. मी येणार. पोरीला कडेवर घेऊन यावं लागलं तरी येणार. तुम्ही हो म्हणून मान हलवलीत, सगळ्यांनी बघितलं. हा गुच्छ आजींना द्या. केक आपण खाऊ. भेट दिलेलं गजराचं घड्याळ मात्र मी ठेवून घेते, लवकर उठायचंय.

तुम्ही सुट्टीच्या दिवशी माझ्यासाठी आलात, उपकार आहेत. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, शाळा आठवीतच सुटली माझी. मी वाचतेय तो हा कागद रिसेप्शनच्या ताई ग्रुपवर टाकणार आहेत. खाली भावाचा नंबर आहे. जो कोणी वाचेल त्याने त्याला एक फोन करा. माझा उचलत नाही, तुमचा उचलेल. भांडू नका त्याच्याशी. एवढंच सांगा, बहीण म्हणते, माझ्या मागे उभा राहा, हात खाली तयार ठेव, पण लावू नकोस. आणि सोमवारी साडेपाचच्या आत आईला आणून सोड.