दत्तादादाची शिमग्याची सुट्टी

मंडळी, रविवारची दुपार सोडून तुम्ही सगळे आलात. काहीजण तर सरळ शिफ्टवरून आलेत, पायात सेफ्टी बूट दिसतायत. असू द्यात. दत्तादादा असता तर बूट बघून आधी चहा विचारला असता, मग बाकीचं.

मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. माझी शाळा नववीपर्यंत. तिथं मला उभं करायचे ते बाकावर. माईक हातात घेऊन पहिल्यांदा उभा राहतोय, आणि तेही दादासाठी, दादा नसताना. लिहून आणलंय. कागद दादाच्या मुलीच्या, ऋताच्या वहीतला आहे. मधेच थांबलो तर थांबू द्या मला.

जे ओळखत नाहीत त्यांना सांगतो. मी संदीप, कऱ्हाडकडचा. बायको इथं नर्सिंग शिकायला आली, तिच्या मागून तिच्या व्हिसावर मी आलो. दोन वर्षांत सहा नोकऱ्या केल्या. गाड्या धुतल्या, भाजी पॅक केली, गोदामात खोकी उचलली. कुठं टिकलो नाही. कोणी बोललं की सोडली, नाही बोललं तरी सोडली. एक दिवस डँडेनॉन्गला फॉस्टर स्ट्रीटवर किराणा दुकानाच्या रांगेत मी फोनवर कोणाला तरी बॉसबद्दल सांगत होतो. मोकळ्या मनाने सांगत होतो, कारण आजूबाजूला कोणाला कळणार? पुढचा माणूस वळला आणि म्हणाला, "शिव्या कऱ्हाडच्या वाटतात."

तो दत्तादादा.

त्यानेच मला आमच्या पावाच्या फॅक्टरीत आणलं. भट्टीच्या तोंडाशी तो, त्याच्या बाजूला मी. तो ट्रे बाहेर घ्यायचा, मी पाव काढायचो. वर्षभराने मला पर्मनंट करा म्हणून तोच क्रेगच्या मागे लागला. क्रेग आमचा शिफ्ट मॅनेजर. तो बघा, मागे दाराजवळ बसलाय. मराठी कळत नाही त्याला, तरी आलाय. मी काय बोलणार ते त्याला आधी सांगितलंय.

पर्मनंट झालो आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आजारी पडून घरी बसलं तरी पगार मिळतो. वर्षाला दहा दिवस. मला तर लॉटरीच वाटली. मी लगेच आजारी पडायला लागलो. कधी मासे पकडायला जाऊन आजारी पडलो, कधी नुसताच समुद्राकडे गाडी घेऊन. इथं त्याला सिकी म्हणतात, तुम्हाला माहितीय. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी टाकलीय. मंगळवारी परत आलो की दादा ट्रे सरकवत म्हणायचा, "काय रे, तुझा ताप कॅलेंडर बघून येतो का? नेमका सोमवार कसा सापडतो त्याला?"

आणि दादा? अकरा वर्षांत एक सिकी नाही. खरी नाही, खोटी नाही. सर्दी झाली, आला. कंबर धरली, पट्टा बांधून आला. शंभरावर दिवस आजारपणाची सुट्टी त्याच्या नावावर तशीच पडून होती. वर्षाची हक्काची सुट्टी असते, त्यातली पण तो जेमतेम घ्यायचा. ऋताच्या शाळेसाठी चार दिवस, बाकी जमा.

कशासाठी? तर शिमग्यासाठी.

मी घाटावरचा. मला होळी म्हणजे पोळी आणि बोंब एवढंच माहीत. दादा राजापूरकडचा. त्याने मला सांगितलं, आमच्याकडे शिमग्याला देव घरी येतो. आपण देवळात जायचं नाही, पालखीत बसून तोच येतो. एकेक घर घेत. घराघराचा क्रम ठरलेला. दादाच्या घरी सकाळी साताच्या सुमारास. ढोल वाजतात, अंगणात पालखी नाचवतात, घरची बाई ओटी भरते. मग गावकार देवाला गाऱ्हाणं घालतो. या घरातल्या माणसांना सांभाळ, जी मुंबईला आहेत त्यांना सांभाळ, जो सातासमुद्रापलीकडे आहे त्याला सुखरूप परत आण. आणि सगळे एकदम म्हणतात, व्हय म्हाराजा.

तो सातासमुद्रापलीकडचा म्हणजे दादा. अकरा वर्षं त्या अंगणात दादाचं गाऱ्हाणं घातलं गेलं आणि अकरा वर्षं दादा तिथं नव्हता.

कारण शिमगा येतो ईस्टरच्या आधी. आणि ईस्टरच्या आधी आमच्याकडे ते मनुके घातलेले, वर पांढरा क्रॉस काढलेले गोड पाव लागतात. लाखांनी. ते सहा आठवडे फॅक्टरीत कोणालाच सुट्टी मिळत नाही. बाकी वर्षात कधीही जा म्हणतात. दादा म्हणायचा, जुलैत जाऊन काय करू? देव देवळात, भाऊ शेतात, मी पडवीत बसून पाऊस मोजू?

मग तो काय करायचा? गावातले सकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. आमचा लंच. दादा लॉकर रूममध्ये जायचा. लॉकरच्या दाराला फोन टेकवायचा. गावाहून भाऊ फोन पालखीसमोर धरायचा. दादा डोक्यावरची जाळी काढायचा, हात धुतलेले असले तरी परत धुवायचा आणि हात जोडून उभा राहायचा. अर्धा तास. जेवण तसंच डब्यात. मी दोन वर्षं दारात उभा राहून आत येणाऱ्यांना थांबवलंय. आमच्या लाइनवरचा समोअन पोरगा, एवढा मोठा धिप्पाड, तोपण टोपी काढून बाहेर थांबायचा. गाऱ्हाणं झालं की दादा हळूच म्हणायचा, व्हय म्हाराजा. फोन बंद करायचा. जाळी घालायचा आणि परत भट्टीवर.  त्या दिवशी दुपारभर ट्रे मात्र जरा जोरात सरकवायचा.

दोन वर्षांपूर्वी फॅक्टरी अमेरिकन कंपनीने विकत घेतली. बोर्ड बदलला, जॅकेट बदललं. दादाचा एक मावसभाऊ आहे तिकडे अमेरिकेत, गोदामात. दादाने त्याला फोन लावला. तो म्हणाला, आमच्याकडे वर्षाला सगळे मिळून दहा दिवस. आजारी पडलास तरी त्यातलेच, भावाच्या लग्नाला गेलास तरी त्यातलेच. एकाच डब्यातून सगळं खायचं. आणि वरून कोण जास्त गैरहजर आहे ते बघून पुढची सुट्टी द्यायची की नाही ते ठरवतात.

हे दादाच्या डोक्यात बसलं. आता इथंपण तेच येणार. मी म्हटलं, दादा, इथला कायदा वेगळा आहे. तो म्हणाला, मालक तिकडचा ना? मग कायदा आज वेगळा आहे. उद्याचं तू सांगतोस?

आता यावर्षीचं. दादाची सुट्टी एवढी साठली की ऑफिसनेच पत्र दिलं, इतकी साठवता येत नाही, घ्या. दादा ते पत्र घेऊन क्रेगकडे गेला. म्हणाला, घेतो, पण शिमग्यालाच घेतो. क्रेगला शिमगा समजावून सांगायला त्याला अख्खा स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी लागली. क्रेगने सही केली. पाच आठवडे.

मंडळी, त्या दिवशीचा दादा तुम्ही बघायला हवा होता. रिकामा ट्रे खांद्यावर घेतला आणि भट्टीसमोर मला पालखी कशी नाचवतात ते दाखवलं. एक पाय असा, एक तसा, खांदा सोडायचा नाही. घरी ऋताने विचारलं, "पप्पा, इज इट लाइक अ परेड?" तर म्हणाला, "परेड लोक बघतात बाळा. हा देव आपल्याला बघायला येतो." तिकिटं काढली. तिघांची. वहिनींनी देवाच्या ओटीसाठी खण घेतला. मोठी बॅग तीन आठवडे आधीच हॉलमध्ये उघडी.

आणि मग त्याच्या छातीत दुखायला लागलं.

गुरुवारी. लंचला. आधी म्हणाला पित्त आहे. मग डावा हात चोळायला लागला. मी म्हटलं, दादा, आत्ता घरी जा, डॉक्टरला दाखव. शंभर दिवस पडलेत तुझे. त्याने माझं मनगट धरलं. मला ते अजून जाणवतं. म्हणाला, "संद्या, आता नाही. सिक लीव्ह टाकली आणि त्यांनी ती सुट्टी कापली तर? एवढी वर्षं रेकॉर्ड स्वच्छ ठेवलंय, आता पंधरावीस दिवसांसाठी घाण करू? गावाला गेलो की दाखवतो. कोणाला बोलू नकोस."

मी कोणाला बोललो नाही.

थांबा जरा.

हे पुढचं माझं वहिनींना घरी सांगून झालंय. त्याच म्हणाल्या, सगळ्यांसमोर सांग. म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी सिकी टाकली. नेहमीचा सोमवार सोडून शुक्रवार. लेक्स एन्ट्रन्सला मासे पकडायला गेलो. इकडे फॅक्टरीत माणसं कमी होती, दादाने त्याचं आणि माझं दोन्ही काम केलं. ट्रे पण काढले, पाव पण काढले. संध्याकाळी त्याने मला मेसेज टाकला. "ताप उतरला का? मासे मिळाले का?"

रविवारी सकाळी गॅरेजमधली दुसरी बॅग काढायला गेला. तिथंच गेला. तिकिटाला सतरा दिवस होते.

सगळं झाल्यावर मी क्रेगला विचारलं. तोंडावर विचारलं. त्याने गुरुवारी सिक लीव्ह घेतली असती तर तुम्ही त्याची सुट्टी कापली असती का? क्रेगला आधी प्रश्नच कळला नाही. तीन वेळा विचारला. मग तो खाली बसला, भट्टीजवळच्या क्रेटवर. म्हणाला, "मेट, दोन्हीचा एकमेकांशी काही संबंधच नाही. कंपनी विकली गेली, कायदा नाही विकला गेला. मला म्हणाला असता तर मी स्वतः गाडीत घालून नेलं असतं."

म्हणजे दादाला ज्याची भीती होती ते कुठं नव्हतंच. इथं नव्हतं. आपण ते सोबत घेऊन आलो. काही मुंबईच्या नोकऱ्यांतून आणलं, काही मावसभावाच्या फोनवरून. आणि आपण एकमेकांना विचारतो पण आपल्यातच. क्रेगला कोणी विचारत नाही. मीपण नाही विचारलं. गुरुवारी तो माझ्यापासून वीस पावलांवर होता.

ती हक्काची सुट्टी साठलेली, ती वहिनींना मिळेल. ते शंभर दिवस आजारपणाचे, ते कोणालाच मिळत नाहीत. ते दादाबरोबर गेले.

वहिनी मला काय म्हणाल्या ते सांगतो. मला वाटलं, घराबाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "तू असतास तरी ते गेलेच असते रे कामावर. तुझ्यावर राग धरून मला ते परत मिळणारेत का? पण एवढं कर. लोकांना सांग, दुखतंय तर घरी बसा."

म्हणून सांगतोय. दुखतंय तर घरी बसा. त्यासाठी दिलीय ती सुट्टी. नियम माहीत नसला तर विचारा, आणि ज्याला माहीत आहे त्याला विचारा. आणि कोणी तुम्हाला कोणाला बोलू नकोस म्हणाला, तर बोला.

बुधवारी वहिनी आणि ऋता जातायत. त्याच तिकिटांवर. दादाची सीट रिकामी जाईल, अस्थी वहिनींच्या मांडीवर असतील. सुतक फिटलंय. भावाने गावात विचारून घेतलं, पालखी यावर्षीपण त्यांच्या अंगणात येणार. पुढच्या सोमवारी, सकाळी सातला.

ऋताने कालच मला सांगितलं, "सँडीदादा, आय विल होल्ड द फोन. तू लंचला थांब हां."

मी थांबणार आहे. त्या सोमवारी मला ताप येणार नाही. क्रेगने मला दादाच्या जागी भट्टीवर घेतलंय. साडेबाराला मी लॉकर रूममध्ये जाईन, त्याच लॉकरला फोन टेकवेन. अंगणात पोरगी असेल, वहिनी ओटी भरत असतील. त्याला अकरा वर्षं जिथं पोचायचं होतं तिथं त्याची माणसं असतील, आणि त्याच्या जागी इकडे मी. गावकार यावेळी त्याचं नाव कसं घेईल मला माहीत नाही. सुखरूप परत आण असं तर म्हणता येणार नाही.

दादा, मी आजवर कुठं टिकलो नाही. इथं टिकेन. आणि ट्रे जोरात नाही सरकवणार.

मंडळी, आता एकच मागतो. दोन मिनिटं उभे राहूया. ज्यांच्या डोक्यावर टोपी आहे त्यांनी काढा, दादा जाळी काढायचा तशी. फोन बंद करू नका, नुसते हातात धरा. तो असाच उभा राहायचा, सहा हजार मैलांवरच्या अंगणाकडे बघत, डब्यात जेवण तसंच ठेवून. त्याच्यासारखं उभं राहूया. आणि शेवटी, ज्याला जमेल त्याने माझ्याबरोबर म्हणा. हळूच म्हणा, तो हळूच म्हणायचा.

व्हय म्हाराजा.