दवाखान्याच्या मोरीच्या कामात आणलेला अडथळा

मी, एलिसा मार्क तुस्कानो, वय ५२, धंदा नोकरी (सरकारी दवाखान्यात परिचारिका), राहणार नायगाव, ता. वसई, जि. पालघर, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वसईतला आमचा दवाखाना मीच सांभाळते. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, आले तर.

ड्रेसिंगच्या खोलीतली हात धुण्याची मोरी पावसाळ्यापासून तुंबली आहे. जखमा धुवायला मी पेशंटला अंगणात नेते. म्हणून बांधकाम खात्याला अर्ज केला की मोरी नवीन करून मिळावी. आमच्या घरी मोरी म्हणजे मोरी. खात्यात मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, हे मला कोणी सांगितले नव्हते. जागा बघायलाही कोणी फिरकले नाही. तालुक्यातली सगळी किरकोळ कामे एकाच ठेक्यात बांधून दिली, त्यात आमची मोरी गेली.

काल सकाळी ठेकेदार परेश जेसीबी आणि माणूस आत शिरेल एवढे सिमेंटचे पाइप घेऊन आले. मी त्यांना खोलीत नेऊन मोरी दाखवली. त्यांना हसू आले. पण कागद बदलायचा तर मंजुरी पुन्हा पहिल्यापासून, असे सांगून त्यांनी फाटकातच खोदायला लावले. म्हणाले, "मॅडम, ऑर्डरमध्ये मोरी आहे, मी मोरी टाकून जाणार." पण इथे नाला कुठे आहे, असे मी विचारले. नाल्याचे काम वेगळे निघेल, असे त्यांचे उत्तर.

पायाची जखम दाखवायला पाचूबंदरच्या लिडियाबाई आल्या होत्या. त्या मासळी विकतात. मोरी आली म्हटल्यावर मोरी नावाचा मासा आला समजून त्यांनी आधी भाव विचारला. मग खड्डा पाहून म्हणाल्या, "सिस्टर, मी यो पाय घेवन उडी मारू काय?"

तेव्हा माझे डोके फिरले. मी जेसीबीच्या फावड्यात जाऊन बसले. लिडियाबाईही शेजारी येऊन बसल्या. तिथेच मी त्यांचे ड्रेसिंग केले. काम थांबले.

मी सरकारी कामात अडथळा आणला, ही परेश यांची तक्रार खरी आहे. गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाऊ शकते, हे हवालदारसाहेबांनी मला समजावले. मला भीती वाटते. तरी पाइप पुन्हा आले तर मी पुन्हा बसेन.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य गाळू का, असे हवालदारसाहेबांनी दोनदा विचारले. मी नको म्हटले. बाकीही माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून सही करते.