दोन पायडलची गाडी

नाही जी शेटजी, आवाज येनारच नाही — चालूच हाय गाडी. सबन लोक असेच कान लावून पाहतात. बॅटरीवर चालते, इंजिनच नाही तं आवाज कायचा येईन? बसा, इकडून बसा, दार जरा जोरानं ओढा. दवाखान्याच्या आवारात एक चक्कर मारून दाखवतो. रस्त्यावरच्या गाई उठत नाही हिच्यापुढून, हॉर्न द्या लागते — तेवढंच. आता खोटं काहून बोलू, खोडी हायेत. चढावर दम लागते हिले. कामठीले दोनदा जाऊन या, तिसऱ्यांदा नाव घेऊ नका. रातभर वायर लावून ठेवा लागते, अन् लाईट गेली तं सकाळी गाडी जिथल्या तिथं. बॅटऱ्यांत येळेवर पानी टाका लागते, साधं नाही, डिस्टिल. अन् वजन म्हनान तं मानसांपेक्षा बॅटऱ्याच जास्त वाहून नेते. बनवनारी कंपनी भी बंद पडली म्हनतात.

पन पुढचं पाहा ना शेटजी. मोठे डॉक्टर म्हनत — ज्यायनं ही गाडी घेतली ते, आता नाही राहिले, दवाखाना जावई पाहून राहिले — ते म्हनत, जागेश्वर, पेट्रोल किती दिवस पुरनार हाय? एक दिवस सबन गाड्या अशाच असतील, बॅटरी हातात धरून नेता येईल एवढी हलकी होईल, गावोगाव चार्जिंगची सोय होईल. होईल जी. मले पटते. फक्त तवा आपन — जाऊ द्या. तुमच्यासाठी ही बरी. लकडगंजातून इतवारीत माल पोचवाचा, सपाट रस्ता, धूर नाही, गिअर नाही. क्लचच नाही, हे पाहा खाली — दोनच पायडल. उजव्या पायानं सबन काम होते. डावा नुसता ठेवून द्या.

हो, लंगडतो थोडा. उमरेडच्या खाणीवरून कोळशाचा ट्रक चालवत होतो, तो उलटला अन् डावा पाय खाली आला. याच दवाखान्यात पडून होतो. पाय वाचला, पन जोर गेला — दाब म्हनलं का दबत नाही. माझी बायको, कुसुमावती, डबा घेऊन यायची अन् पायाकडं न पाहता बसून राहायची. डायवर मानूस मी, दुसरं येते काय? मंग मोठ्या डॉक्टरांनी ही गाडी घेतली अन् मले बलावून म्हनले, ही तुलेच चालवता येईल बघ. सगळ्यात पहिले कुसुमावतीले बसवलं जी, महाराजबागेपर्यंत नेलं. ती पदर तोंडाले लावून बसली होती.

विकून काहून राहिले? — सांगतो. न सांगता तुम्ही घेतली अन् उद्या लोकांनी सांगितलं तं ते बरं नाही. खाप्याले दवाखान्याचं शिबिर होतं. आमच्या नर्स सिंधूताई अन् मी गेलो. म्हनलं दिवसभरात गाडी तिथं चार्जिंगले लावू, तं लाईटच नाही. दुपार कलल्यावर आली, घडीभर राहिली, पुन्हा गेली. अन् तेवढ्यात एका विणकराच्या घरून बाई आणली, पंचफुला नावाची, पहिलटकरीण — पोटातलं लेकरू आडवं. ताई म्हनल्या, हिले आत्ताच्या आत्ता नागपूर. मी म्हनलं, ताई, बॅटरी अर्धी भी नाही. त्या म्हनल्या, जिथवर जाईन तिथवर चल. तिचा नवरा नत्थू मांगं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

ही एकदम बंद नाही पडत शेटजी. हळू होत जाते. पाय पुरा दाबला तरी हळू, आनखी हळू — सायकलवाले पुढं निघून जातात. पाटणसावंगीच्या अलीकडं थांबली. शेजारी संत्र्याचा बगीचा होता, बाबनरावांचा. म्हातारा भला मानूस, पळत आला. म्हने माझी जीप उभी हाय, पोरगं गावाले गेलं, मले चालवता येत नाही — तू डायवर हायेस ना, घेऊन जा. बाईले उचलून जीपमध्ये ठेवलं. मी बसलो. डावा पाय क्लचवर ठेवला अन् दोन्ही हातांनी गुडघा दाबला. काही नाही. उजवा पाय इकडून तिकडं नेऊन पाह्यला, तं जीपनं हिसका मारला अन् नालीकडं गेली, आत बाई वरडली. मंग ताई खाली वाकून हातानं क्लच दाबाले लागल्या. दोनदा जीप हलली, दोनदा बंद पडली. लंगडतो एवढंच दिसे; पायात क्लचपुरता जोर नाही हे त्यायले तोवर माहीत नव्हतं जी. दवाखान्यात कोनालेच नव्हतं, मोठे डॉक्टर सोडून. त्या म्हनल्या, "काहून गा जागेश्वर, चालव ना." मी म्हनलं, "ताई, माझ्यानं होत नाही." एवढंच बोललो. नत्थू माझ्याकडं पाहून राहिला होता.

सावनेरकडून यष्टी आली तवा तिले हात केला. लोकांनी मांगची शीट रिकामी करून देली. मी गाडीपाशीच राहिलो. दुसऱ्या दिवशी ट्रकले बांधून हिले आणलं तवा कळलं — पंचफुला वाचली, पोरगी होती, ती नाही राहिली. नत्थू इथंच पायऱ्यांवर बसला होता. म्हनलं, मारन मले, शिव्या तरी देईन. तं तो सरकला, मले बसाले जागा देली. म्हने, तुम्ही तरी काय करान भाऊ.

त्याच्यानंतर जावई साहेब म्हनले, ही विकू, पेट्रोलची घेऊ. त्यायचं चुकलं नाही जी. मी असतो तं मी भी तेच केलं असतं. पन शहरात, सपाट रस्त्यावर हिच्यात खोट नाही — अन् हिले माझा हात माहीत हाय. नवा डायवर हिले समजून घेनार नाही. म्हनून म्हनलं, तुम्ही घेतच असान तं साहेबांले सांगा, डायवरसकट घेतो. पगाराचं मी काही म्हनत नाही, तुम्ही द्याल ते...

काय म्हनता?

चालवाची नाही, मोडाची. — शिसं. बॅटऱ्यांतलं शिसं.

नाही, मले वाटलं माल पोचवाले पायजे. बॅटऱ्या मांगच्या शिटाखाली हायेत, फळी उचला का दिसते. जपून, तेजाब हाय, कपड्यावर उडन. उतरा मंग. साहेब वर बसतात, पहिल्या माळ्यावर, त्यायच्याशीच बोला. नाही, मी नाही येत. तुम्ही जा.