त्या उतारावर बाग नको

मंडळी, पाड्यातल्या आयाबायांनो, लहानूभाऊंच्या लेकरांनो,

लहानूभाऊंच्या शोकसभेत बोलायला उभी राहिलेय. रडू यायला हवं. येतेय ती किळस.

लहानूभाऊंचा आणि आमचा बांधाला बांध. मला 'वयनी' म्हणायचे. आपल्या डोक्यावर बंद खदानीचा भराव आहे ना? मालकाने दगड नेला आणि नको ती माती, नको तो चुरा कड्यासारखा उभा टाकून गेला. सगळे म्हणाले, जाऊ दे. लहानूभाऊ म्हणाले, "वयनी, पाऊस काय जाऊ दे म्हननार हाय?"

मग त्यांनी भातलावणीची रीत लावली. आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या, तशी घराघरातली माणसं भरावावर गेली. पायथ्यापासून पायऱ्या खणल्या, माती अडवायला दगडांच्या ताली रचल्या, पाणी बाजूने जावं म्हणून चर काढला, बांबू आणि निरगुडी लावली. पुढचा अख्खा पावसाळा भराव जागचा हलला नाही.

आणि मग? ठाण्याहून साहेब खदान बघायला येणार, अशी बातमी आली. मालकाला आपली आठवण झाली! मुकादम बुलडोझर घेऊन हजर. म्हणे, या पायऱ्या ओबडधोबड दिसतात, रस्त्यावरून उतार कसा गुळगुळीत दिसायला हवा! ताली मोडल्या. चर बुजवला. वरून हिरवळ थापली. थापली हो, गोवऱ्या थापतात तशी! लहानूभाऊ बुलडोझरला आडवे गेले, तर मुकादम हसला. "काका, आता कसं शोभून दिसतंय!" साहेबांनी गाडीतूनच मान डोलावली आणि गेले. थू त्या शोभेवर! दुसऱ्याच दिवसापासून बोईसरच्या कारखान्यांचा राडारोडा त्याच भरावाच्या माथ्यावर पडायला लागला.

श्रावणात ती हिरवळ चिखलासकट खाली आली. लहानूभाऊ गोठ्यात बैल सोडायला धावले होते. बैल सुटले. लहानूभाऊ आत राहिले.

आणि हा हार बघा. मालकाने पाठवलाय! सोबत निरोप, लहानूच्या नावाने तिथेच बाग करू. अरे, जनाची नाही, मनाची तरी? ज्या मातीने माणूस गाडला, तिच्यावर गुलाब लावणार? अर्धा भराव अजून वर लटकतोय. त्याखाली निजतात ती पोरं आपली आहेत. आधी राडारोडा बंद करा, चर उघडा, ताली परत रचा. तोवर त्या उतारावर लहानूभाऊंचं नाव लिहायचं नाही. कुणीही नाही. हा हार मी फोटोला घालणार नाही. ज्याने आणला त्याने परत न्यावा.

आता सगळे उभे राहा. लहानूभाऊंसाठी जरा वेळ गप्प राहू. रडू आलं तर येऊ द्या, पण कान उघडे ठेवा. वर डंपर रिकामा होतोय. आत्ता, या घटकेला. ऐका.